निग्रह मास्तरांची काकवी

निग्रह मास्तरांच्या शर्टाच्या खिशात कायम तंबाखूची एक पुडी असायची, आणि मास्तर तंबाखू खात नसत. एका सोमवारी सकाळी त्यांनी ती सोडली, त्या दिवशी जी अर्धी पुडी शिल्लक होती तीच ही. मी त्यांच्या वर्गात गेले तेव्हा त्या पुडीला अकरा वर्षं झाली होती. प्लास्टिक पिवळं पडलं होतं आणि आतल्या तंबाखूचा पार भुगा झाला होता. कुणी नवा माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत पुडी खिशातून बाहेर यायची. "टाकून दिली असती तर काय मोठं केलं असतं? खिशात हाय आणि खात न्हाय. ह्याला निग्रह म्हंत्यात."

त्यांचं नाव इग्नास. शाळेत ते कार्यानुभव शिकवायचे, म्हणजे मुलांकडून सुतारकाम करून घ्यायचे, आणि रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्हा मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. कोल्हापुरात आमची कॅथलिक घरं मोजकी. त्यामुळे चर्चमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात आणि एकदा पडलेलं नाव पुसलं जात नाही. प्रत्येक धड्याचा शेवट ते 'निग्रह' या शब्दावर आणायचे, मग धडा नोहाच्या तारवाचा असो की काना गावच्या लग्नाचा. आमच्या आधीच्या कुठल्यातरी वर्गाने त्यांना निग्रह मास्तर केलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना मनापासून आवडलं.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात यायचे. प्रत्येकाच्या तळहातावर एक पेढा ठेवायचा, हात पुढे धरायचा आणि तास संपेपर्यंत खायचा नाही. स्वतःच्या तळहातावर दोन. तसाच हात धरून ते फळ्यापाशी येरझाऱ्या घालत शिकवायचे. मार्च महिन्यातल्या उकाड्यात पेढा मऊ व्हायचा, बोटांना चिकटायचा. तासाच्या शेवटी ते एकेकाचा हात बघत जायचे. माझा पेढा पहिल्या वर्षी निम्मा झाला होता. त्यांनी बघितलं, ओरडले नाहीत. "मन बैलासारखं असतंय, पोरी. कासरा ढिला सोडलास," एवढंच म्हणाले, आणि स्वतःचे दोन्ही अख्खे पेढे मला देऊन टाकले.

दुसऱ्या वर्षी मी जरा धीट झाले होते. पापनिवेदनाच्या वेळी म्हणायची पश्चात्तापाची प्रार्थना आम्हाला नुकतीच पाठ झाली होती. त्यात पाप टाळीन असं आहे, आणि पापाचे प्रसंगही टाळीन असं आहे. मी हात वर करून विचारलं, "मास्तर, प्रसंग टाळीन म्हणायचं, आणि तुम्ही तर पेढा हातावर ठेवता. मग तो प्रसंग टाळला कसा?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "ते कच्च्या लोकांसाठी हाय," ते म्हणाले. "तुमी पक्कं व्हायचं."

तेव्हा मला ते उत्तर फार थोर वाटलं होतं.

त्यांच्याबद्दल आम्हाला भीती कधीच नव्हती, कारण माणूस मायाळू होता. नाताळच्या गव्हाणीतल्या सगळ्या मूर्ती त्यांनी सागवानात कोरल्या होत्या, आणि त्यातल्या उंटाचं तोंड हुबेहूब आमच्या एका ट्रस्टींसारखं होतं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की न बोलावता जाऊन खाटेला धरायला दांडी बसवून यायचे. त्यांच्या बायकोला, ल्युसीकाकूंना, तर ते इतक्या वेळा हाक मारायचे की काकू स्वयंपाकघरातून "व्हय, जित्ती हाय मी" असं उत्तर द्यायच्या. एकच होतं. मास्तरांना गोड जीव की प्राण होतं, त्यातून गूळ. जेवण झाल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय ते ताटावरून उठत नसत.

पुढे मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये लागले. तिथे एक दिवस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मास्तर आले. निवृत्त झाले होते, केस पांढरे, खिशातली पुडी तशीच. मी रक्त घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मी जरा जपूनच सांगितलं की साखर बरीच वाढलेली आहे.

"एवढंच व्हय," ते म्हणाले. "तंबाखू सोडली तिथं साखर काय हाय? उद्यापासनं बंद."

आणि खरंच बंद केली. दोन वर्षं त्यांचे रिपोर्ट इतके चांगले येत होते की आमचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायचे. मास्तर लग्नात जिलबीचं ताट हातात धरून पंगतीत वाढायचे आणि मुद्दाम माझ्यासमोर येऊन थांबायचे. "बघ. वास येतोय, हाताला पाक लागलाय, आणि मन जाग्यावर हाय."

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे नवे फादर आले. वसईकडचे, हळू आवाजात बोलणारे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मिस्सेनंतर सगळे अंगणात उभे राहून कोण काय सोडणार ते सांगत होते. मास्तर म्हणाले, "मी साखर सोडलीया."

फादर म्हणाले, "मास्तर, साखर तर तुम्हाला डॉक्टरांनी सोडायला लावलीय. ती देवाच्या नावावर कशी धरायची? दुसरं काहीतरी सोडा."

लोक हसले. मास्तरही हसले, पण ते त्यांना लागलं असावं. "मग असं करतो फादर, गुऱ्हाळावर जाऊन सोडतो. रटरटत्या काहिलीपाशी उभं राहून. मग तर धरशिला?"

"तिथं जायचंच सोडलं तर?" फादर चष्मा पुसत म्हणाले.

"त्यात काय मर्दुमकी?"

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, बाबासाहेब, त्याचं शिरोळच्या बाजूला गुऱ्हाळ होतं. मास्तरांनी दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या वर्गातली मुलं तिकडे सहलीला न्यायचं ठरवलं, आणि मुलांवर लक्ष ठेवायला मला बरोबर घेतलं. उसाच्या रसाची ती मोठी लोखंडी काहील चुलवाणावर उकळत होती. वाफेतसुद्धा गोडवा होता; श्वास घेतला की घशाला जाणवायचा. रस आटत आला की गूळ घट्ट होण्याआधी जो दाट, तांबूस पाक होतो ती काकवी. बाबासाहेबाने मुलांना ती द्रोणातून दिली. एक द्रोण मास्तरांपुढेही धरला, आणि मग आठवण होऊन मागे घेतला.

"मास्तर, तुमी लांब सावलीत बसा की. हितं वाससुदीक गोड हाय."

"आण हिकडं," मास्तर म्हणाले. त्यांनी द्रोण हातात घेतला, काहिलीशेजारी उभे राहिले आणि मुलांना वीस मिनिटं शिकवलं. सैतान वाळवंटात प्रभूसमोर आला तेव्हा प्रभू पळाला का, असं विचारलं. मुलं "नाही" म्हणाली. मुलांचे द्रोण केव्हाच रिकामे झाले होते. मास्तरांनी आपला भरलेला द्रोण शेवटी एका मुलीला देऊन टाकला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मास्तर दर शुक्रवारी गुऱ्हाळावर जायला लागले. सकाळी एस.टी.ने जायचं, बाबासाहेबाची रस ढवळायची लाकडी फावडी, दारं-खिडक्या दुरुस्त करून द्यायच्या आणि संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला, म्हणजे प्रभूच्या दुःखाचे चौदा टप्पे फिरत केलेल्या प्रार्थनेला, हजर. क्रूस त्यांच्या हातात असायचा आणि चेहरा तेजस्वी दिसायचा. आम्हाला वाटायचं, हा उपवासाचाच परिणाम.

झावळ्यांचा रविवार झाला, ईस्टरला आठवडा राहिला, त्या सोमवारी ते लॅबमध्ये आले. नेहमीची तपासणी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते ती. मी रिपोर्ट बघितला आणि नमुना पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही आकडा तोच. मी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं आणि कागद पुढे ठेवला.

"मशीन बिघडलंया तुमचं," ते म्हणाले.

"दोनदा लावलं मास्तर."

"मग दुसऱ्या कुणाचं रगात असंल."

ते खिडकीकडे बघत बसले. मग वाकून त्यांनी उजव्या पायातला मोजा काढला. एरवी ते मोजे घालत नसत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवी चप्पल चावल्याची छोटी जखम करंगळीला झाली होती आणि करंगळी काळी पडली होती.

"कधीपासून आहे हे?"

"तीन आठवडं. दुखत न्हाय म्हणून गप बसलो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू काय फादर न्हाईस. पण आईक."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सहलीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी बाबासाहेब बैलांना पाणी पाजायला गेला असताना त्यांनी काकवीत एक बोट बुडवलं. भूक म्हणून नाही, मोह अनावर झाला म्हणूनही नाही. "एका बोटावर थांबता येतंय का ते बघत हुतो," ते म्हणाले. "आणि थांबलो की. तिथंच सगळा घोटाळा झाला. न्हाय थांबलो असतो तर भ्यालो असतो. थांबलो, म्हणून म्हटलं, बघा, अजून कासरा हातातच हाय." पुढच्या शुक्रवारी दोन बोटं. त्यानंतर वाटी. त्यानंतर ते बाबासाहेबाला "पाव्हण्यांना द्यायला" म्हणून सांगून डबा भरून घरी आणू लागले. डबा ठेवला सुतारकामाच्या पेटीत, रंध्याच्या खाली, कारण त्या पेटीला काकू हात लावत नसत.

"आणि दर शुक्रवारी क्रूसाची वाट केली की म्हनायचो, उद्यापासनं बंद. दर खेपेला मनापासनं म्हनायचो. त्यात लबाडी न्हवती, पोरी."

माझ्यासमोर माझे गुरुजी मान खाली घालून बसले होते. पाय बघितल्यावर मात्र थांबण्यात अर्थ नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ताबडतोब भरती व्हायला सांगितलं. मास्तर म्हणाले, "ल्युसीला सांगू नको. तिला सांग, चप्पल चावली."

"मी काहीच सांगणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगायचं. चला, मी घरी सोडते, कपडे घेऊ आणि तिथून दवाखान्यात जाऊ."

मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. घरी काकू चहा करत होत्या. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. चांगलं सांगितलं, काही लपवलं नाही. पेटी उघडून डबाही काढून दाखवला. काकूंनी गॅस बंद केला. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. कोल्हापुरी बायका स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात, तशा त्या म्हणाल्या, "मी बी चाळीस दिस बिनसाखरेचा चा पितोय. तुमाला एकट्याला जड जाईल म्हणून. तुमी बोलला न्हाईसा, मी बी बोललो न्हाय."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. आकडा बघून, पाय बघून जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. ते लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांच्या पिशवीत दोन सदरे, टॉवेल आणि जपमाळ घातली, आणि दारात चप्पल शोधणाऱ्या मास्तरांना म्हणाल्या, "राहू दे आता चप्पल. अनवाणीच चला, रिक्षा दारात येतीया."

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर हे सांगता आलं नसतं.

दवाखान्यात फादर आले तेव्हा मी तिथे होते. मास्तर डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "फादर, काकवीनं मारलं मला."

फादरांनी चष्मा पुसला. "काकवी बिचारी काय करणार, मास्तर? खायची वस्तू आहे ती. मला एक सांगा. प्रभूने आपल्याला जी प्रार्थना शिकवली, त्यात मोहाशी झुंजायची संधी दे, असं कुठं आहे का?"

"न्हाय."

"मग काय मागायला सांगितलंय?"

"मोहात पडू देऊ नको म्हणून."

"म्हणजे मागणाऱ्यांमध्ये पक्कं कुणीच नाही, असं धरूनच ती प्रार्थना आहे. तुम्ही, मी, सगळेच." मग फादर मिश्कील हसले. "वाळवंटात प्रभूला पवित्र आत्म्याने नेलं होतं. तुम्ही एस.टी.चं तिकीट काढून गेलात."

मास्तरांना हसू आलं, आणि हसताना पाय हलून टाके दुखले म्हणून कण्हलेही. मग फादरांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि त्यांचं पापनिवेदन ऐकलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. पण प्रायश्चित्त काय मिळालं ते मास्तरांनीच नंतर सगळ्या गावाला सांगितलं: रोज एकदा कुणाची तरी मदत मागायची. "पाचशे वेळा गुडघ्यावर बसायला सांगितलं असतं तर परवडलं असतं," असं ते म्हणायचे.

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारी ते काठी टेकत वर्गावर आले. मी मुद्दाम मागे बसले. त्यांनी मुलांना काकवीची गोष्ट पहिल्या बोटापासून डब्यापर्यंत सांगितली. मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. एका मुलीने विचारलं, "म्हणजे मास्तर, तुम्ही कच्चे आहात?"

"कच्चा हाय," ते म्हणाले. "कळायला सत्तर वर्षं लागली."

प्रायश्चित्त त्यांनी नेटाने पाळलं. लग्नात ताट पुढे आलं की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "पावणं, ह्यातली जिलबी तेवढी उचला. मला झेपायची न्हाय." समोरचा गोंधळून उचलायचा. औषधाच्या दुकानाच्या वाटेवर एक मिठाईचं दुकान होतं. एरवी ते लांबून जायचे, पण पावसात लांबचा रस्ता तुंबला की मला फोन यायचा. "पोरी, दुकानाजवळ आलोय. बोलत रहा." मी रक्ताचे नमुने लावता लावता काहीतरी बोलायची, आईची तब्येत, लॅबमधली गर्दी. मध्येच ते म्हणायचे, "गेलं दुकान. ठेव." माझ्या कामाच्या गडबडीत त्या फोनचा मला कधी त्रास झाला नाही. उलट आठवडाभर आला नाही तर मीच करायची. आणि खरं सांगायचं तर या फोनांमुळे मीही बदलले. रागाच्या भरात कुणाला मेसेज लिहिला की मी आता स्वतःच्या शहाणपणावर विसंबत नाही. फोन सरळ आईच्या हातात देते आणि तासाने मागते.

मास्तर गेले त्याला दोन वर्षं झाली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. साखरेने नाही, हृदयाने. शेवटचा रिपोर्ट मीच काढला होता आणि तो उत्तम होता. काकू आता मुलीकडे नाशिकला असतात.

पण मला ते आठवतात ते आजारपणानंतरच्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी. त्या दिवशी प्रभूने पेत्राचे आणि इतर शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षीच्या बारा जणांत मास्तरांचं नाव होतं आणि माझंही. आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. सगळ्यांनी पायातलं काढून ठेवलं. मास्तरांच्या उजव्या पायात मोजा तसाच होता. चर्च भरलेलं, पहिल्या रांगेत त्यांच्याच वर्गातली मुलं बसलेली. फादर तांब्या आणि घंगाळ घेऊन एकेक करत जवळ येत होते.

"काढू का?" मी हळूच विचारलं.

ते थोडा वेळ मोज्याकडे बघत राहिले. "पेत्र आधी न्हाय म्हनला हुता," ते कुजबुजले. "त्यालाबी आपला पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला जड गेलं असणार." मग म्हणाले, "काढ. मला वाकवत न्हाय."

मी खाली वाकून मोजा काढला. फादर गुडघ्यावर बसले, त्यांनी तो पाय दोन्ही हातांत घेतला आणि पाणी ओतलं. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्याने मोजायला लागली, "एक, दोन, तीन, चार," आणि तिथे अडली. तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. कुठेतरी खसखस पिकली. मास्तरांनी तिच्याकडे बघून मान हलवली, बरोबर मोजलंस म्हणून. फादरांनी पाय पुसला आणि वाकून, जिथे करंगळी नव्हती तिथे ओठ टेकले.

मास्तरांनी पाय मागे घेतला नाही.